सॉफ्टवेअर टाकायचं कसं? विंडोज, मॅक आणि लिनक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रात्री नऊनंतरही व्हॉट्सॲपवर स्क्रीनचे फोटो येत राहतात. बहुतेक तिरपे काढलेले, त्यात मेसेजपेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसते. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. म्हणून पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असताना बसून उत्तरं लिहून काढली. कमांड इथे उच्चारासारख्या देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

१. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांत सॉफ्टवेअर टाकायला सगळ्यात सोपं कुठलं?

कुठलं सॉफ्टवेअर, ते आधी सांगा. व्हीएलसी, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही नेहमीची मंडळी तिन्हीकडे बिनबोभाट बसतात. नुसतं टाकण्याचं बघायचं तर मॅक सरळ: चित्र उचललं, फोल्डरमध्ये सोडलं. टाकलेलं वेळच्या वेळी अपडेट होणं आणि नको झाल्यावर निघून जाणं धरलं, तर माझ्या मते लिनक्स पुढे. विंडोजवर जवळजवळ सगळं मिळतं, पण खरी फाइल ओळखायची जबाबदारी तुमच्यावर (प्रश्न ५).

विंडोज सोपं वाटतं त्याचं एक कारण विंडोजमध्ये नाहीच. अडलं तर शेजारच्या पोराला विचारता येतं, आणि त्याला विंडोज येतं. हा फायदा मी हलका मानत नाही. आचऱ्यात किंवा फोंडाघाटात रात्री मॅक अडला तर विचारणार कोणाला?

२. इन्स्टॉल म्हणजे नेमकं काय होतं? मित्राच्या कॉम्प्युटरवरून फोल्डर कॉपी करून आणला तर चालत नाही का?

विंडोजवर बहुधा नाही. इन्स्टॉलर मुख्य फाइल्स 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवतो, काही लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या जोडफाइल्स) दुसरीकडे टाकतो, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदी करतो आणि स्टार्ट मेनूत नाव लावतो. तुम्ही फक्त फोल्डर आणलात, म्हणजे नारळाचं झाड मुळं तोडून आणल्यासारखं झालं. अपवाद 'पोर्टेबल' आवृत्त्यांचा. त्या पेन ड्राइव्हवरूनही चालतात.

मॅकवर एक फाइल दिसते ते ॲप खरं म्हणजे एक फोल्डरच असतो आणि लागणारं बरंचसं त्याच्या पोटात असतं. म्हणून तिथे कॉपी करून पुष्कळदा काम भागतं. लिनक्सवर असं वागणारा प्रकार म्हणजे ॲपइमेज (प्रश्न ९).

३. एक्सई, एमएसआय, डीएमजी, डेब… यातली माझी फाइल कुठली?

एक्सई आणि एमएसआय विंडोजच्या. डीएमजी आणि पीकेजी मॅकच्या. बाकी लिनक्सच्या, आणि लिनक्सचे प्रकार अनेक: डेब ही डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट यांची; आरपीएम फेडोरा आणि त्याच्या भावकीची. झिप म्हणजे नुसतं गाठोडं, आत काय आहे ते सोडून बघावं लागतं. आणि एपीके फोनची: ती कॉम्प्युटरवर डबल-क्लिक करून 'उघडत नाही' म्हणून कृपया फोन करू नका.

४. डाउनलोड करताना ३२ बिट की ६४ बिट विचारतात. मॅकवाल्यांना इंटेल की ॲपल सिलिकॉन. कसं ओळखायचं?

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जा. 'सिस्टिम टाइप'समोर लिहिलेलं असतं. विंडोज ११ असेल तर बघायचीही गरज नाही, ते ६४ बिटच येतं. ३२ बिट फाइल ६४ बिट विंडोजवर सहसा चालते, उलटं होत नाही. यादीत 'एआरएम' असंही दिसलं तर ते स्नॅपड्रॅगनसारख्या चिपच्या लॅपटॉपसाठी आहे. इंटेल किंवा एएमडी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मॅकवर सफरचंदाच्या मेनूत 'अबाउट धिस मॅक' उघडा. चिपच्या जागी एम१, एम२ वगैरे असेल तर ॲपल सिलिकॉन. ही चिप नोव्हेंबर २०२० पासून यायला लागली. अशा मॅकवर इंटेलचं ॲप पहिल्यांदा उघडलंत की 'रोझेटा (इंटेलची ॲप चालवून देणारी सोय) टाकू का' विचारतं, हो म्हणा. मात्र मॅकसाठीचं अगदी जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीपासून पुढे चालतच नाही. सीडी कितीही जपून ठेवली असलीत तरी.

५. डाउनलोडच्या पानावर चार हिरवी बटणं दिसतात. त्यातलं खरं कुठलं?

बहुतेक वेळा एकही नाही. चार बटणं दिसतात म्हणजे तुम्ही बनवणाऱ्याच्या दुकानात नाही, मधल्या अडत्याच्या दुकानात आहात.

आपल्याकडे हे वेगळं समजवावं लागू नये. मे महिन्यात हायवेच्या कडेला पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं, आत कर्नाटकातला आंबा निघतो. म्हणूनच कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव कोणी लावावं हे ठरलं. सॉफ्टवेअरमध्ये हेच काम डिजिटल सही करते. विंडोजवर इन्स्टॉलर चालवला की 'बदल करू द्यायचे का' अशी चौकट येते. घाईने 'येस' दाबण्याआधी तिथलं 'पब्लिशर' वाचा. बनवणाऱ्याचं नाव असेल तर सही तपासली गेली आहे. पिवळ्या पट्टीत 'अननोन' असेल तर थांबा आणि फाइल कुठून आणली ते आठवा. आता हेही खरं, की पेटीवरचा शिक्का फक्त बाग सांगतो. कापल्यावर आत साका निघणार नाही याची हमी देत नाही. सहीचंही तसंच.

मी स्वतः एकदा फसलोय. गिऱ्हाईक समोर बसलेलं, घाई होती, शोधात पहिलं आलेलं पान उघडलं आणि पीडीएफच्या छोट्या प्रोग्रामसोबत दोन टूलबार आणि एक बनावट 'क्लीनर' घेऊन आलो. तो काढण्यात दुपार गेली, पैसे अर्थातच मागता आले नाहीत. तेव्हापासून नियम असा: आधी स्टोअरमध्ये बघायचं, नसेल तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यावर जायचं, आणि शोधात सगळ्यात वर 'जाहिरात' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवायचं नाही. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' न करता 'कस्टम' निवडून नको त्या खुणा काढायच्या.

६. निळी चौकट आली, 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी'. व्हायरस आहे का?

तसं काही ती चौकट म्हणत नाही. हा विंडोजचा पहारेकरी, स्मार्टस्क्रीन. फाइल किती जणांनी उतरवली, सही कोणाची, यावरून तो ओळखीची-अनोळखी ठरवतो. एखाद्या लहान संस्थेचं प्रामाणिक सॉफ्टवेअरही नवी आवृत्ती आली की काही दिवस अनोळखी ठरू शकतं. 'मोअर इन्फो' दाबलं की 'रन एनीवे' दिसतं.

दाबायचं कधी? फाइल बनवणाऱ्याच्या साइटवरून तुम्ही स्वतः आणली असेल तर. कोणी व्हॉट्सॲपवर 'हे टाक, मस्त आहे' म्हणून पाठवली असेल तर डिलीट करा, मग पाठवणारा सख्खा मेहुणा का असेना.

७. मुलाने पुण्याहून मॅक पाठवला. ॲप उघडायला गेलं की 'ॲपलला तपासता आलं नाही' म्हणतो.

हा मॅकचा राखणदार, गेटकीपर. पूर्वी कंट्रोल धरून क्लिक करून 'ओपन' म्हटलं की तो वाट सोडायचा. नेटवरच्या जुन्या व्हिडिओंत अजून हेच सांगतात. पण २०२४ च्या सिकोया या मॅकच्या आवृत्तीपासून ती पळवाट बंद झाली. आता एकदा उघडायचा प्रयत्न करा, नकार घ्या, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली जा आणि 'ओपन एनीवे' दाबा. पासवर्ड विचारेल. आधी प्रश्न ५ मधली खात्री करून घ्या.

याच गिऱ्हाइकांचा दुसरा घोळ: डीएमजी उघडतात आणि त्या खिडकीतूनच ॲप रोज चालवतात. वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या डेस्कटॉपवर अशा सहा पांढऱ्या डिस्का होत्या. डीएमजी म्हणजे पेटी. त्यातलं चित्र 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरवर ओढून सोडायचं, पेटी इजेक्ट करायची, आणि मग डाउनलोडमधली डीएमजी फेकून द्यायची.

८. लिनक्समध्ये काळ्या पडद्यावर टाइप केल्याशिवाय काहीच होत नाही म्हणे?

ही गोष्ट जुनी झाली. लिनक्स मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडा, नाव शोधा, 'इन्स्टॉल' दाबा, पासवर्ड द्या. संपलं. फोनच्या प्ले स्टोअरची सवय असलेल्या शाळकरी मुलांना मी हे शिकवलेलं नाही, ती आपसूक करतात. अडखळतात ती वीस वर्षं विंडोज वापरलेली माणसं, कारण ती आधी ब्राउझर उघडून फाइल शोधायला जातात.

विंडोजचा रिवाज आठवडा बाजाराचा: ज्या त्या विक्रेत्याकडे स्वतः जायचं, स्वतः पारखायचं. लिनक्सचा रिवाज गावच्या सोसायटीचा. माल एका ठिकाणी, तपासून ठेवलेला, आणि नवा आला की सगळ्या घरांना एकदम. ही सोय काही नवी नाही. डेबियनमध्ये एपीटी (सॉफ्टवेअर आणून बसवणारी तिथली व्यवस्था) १९९९ पासून आहे. मॅकचं ॲप स्टोअर २०११ ला आलं आणि विंडोजवर विंगेटची (एपीटीसारखीच मायक्रोसॉफ्टची सोय) पहिली पक्की आवृत्ती २०२१ ला. ज्याला अवघड म्हणून नाव ठेवलं त्याच्याकडे ही व्यवस्था सगळ्यात आधी होती.

काळा पडदा वापरायचाच असेल तर 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी'. पासवर्ड टाइप करताना मिंटमध्ये अक्षरांऐवजी फक्त तारका दिसतात, काही लिनक्सवर तर काहीच दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करून एंटर मारा.

९. लिनक्सच्या यादीत एकच सॉफ्टवेअर दोनदा दिसतं, एक साधं आणि एक फ्लॅटपॅक. शिवाय स्नॅप, ॲपइमेज. काय निवडू?

साधं, म्हणजे सिस्टिमचं पॅकेज, आकाराने लहान आणि बहुतेकांना पुरेसं. आवृत्ती थोडी मागची असते इतकंच. ताजीच हवी असेल तर फ्लॅटपॅक. ते लागणाऱ्या लायब्ररींचा संच सोबत आणतं, त्यामुळे पहिल्या वेळी शेकडो एमबी उतरतात. पुढची ॲप तोच संच वापरणारी असली तर कमी. स्नॅप ही उबुंटूवाल्यांची पद्धत. लिनक्स मिंटने २०२० च्या आवृत्ती २० पासून ती मुद्दाम बंद ठेवली आहे, त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली सूचना मिंटवर अडते. ॲपइमेज एकच फाइल: प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोग्राम म्हणून चालवू द्या' अशी खूण करा आणि डबल-क्लिक करा. अपडेट मात्र स्वतःच बघायचं.

१०. आमच्याकडे फायबर नाही, फोनचं दिवसाला दीड जीबी. यात कसं जमवू?

तीन गोष्टी. विंडोजवर वाय-फायच्या नावापुढे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे बहुतेक अपडेट परवानगीशिवाय उतरत नाहीत. दुसरं, काही इन्स्टॉलर दोनेक एमबीचे दिसतात आणि चालवल्यावर खरा माल नेटवरून ओढतात. बनवणाऱ्याच्या साइटवर 'ऑफलाइन' किंवा 'स्टँडअलोन' इन्स्टॉलर शोधा, तो कणकवलीत कुणाकडे चांगलं नेट असेल तिथून पेन ड्राइव्हवर आणता येतो. लिब्रेऑफिस असंच अख्खं मिळतं, साधारण साडेतीनशे एमबी.

तिसरं लिनक्सवाल्यांसाठी, आणि इथे लिनक्स कच्चं पडतं हे कबूल. डेब फाइल पेन ड्राइव्हवर आणली तरी ती आणखी चार पॅकेजेस मागते, आणि ती नेटवर असतात. विजयदुर्गच्या एका मुलाने अशा फाइल्स एकेक करून आणल्या, चार खेपा घातल्या. नेट नसेल तिथे ॲपइमेज बरं.

११. लायट गेली आणि इन्स्टॉल अर्ध्यार रवला. आता काय करूचा?

घाबरू नका. जून ते सप्टेंबर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो.

विंडोजवर एमएसआय इन्स्टॉलर केलेल्या बदलांची नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी अर्धवट राहिलेलं मागे घ्यायला बघतो. एक्सईवाल्यांचं प्रत्येकाचं वेगळं, पण तीच फाइल पुन्हा चालवली की बहुधा निस्तरतं. यादीत अर्धवट नाव दिसत असेल तर आधी ते काढून मग टाका.

मॅकवर अर्धी कॉपी कचऱ्यात टाका, पुन्हा ओढा.

लिनक्सवर पुढचं काही टाकायला गेलात की 'डीपीकेजीमध्ये (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये) व्यत्यय आला' असा मेसेज येतो आणि सोबत उपायही लिहिलेला असतो: 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए'. तेवढी ओळ चालवा. मेसेजमध्येच औषध सांगणारा आजार विरळा, पण लोक वाचत नाहीत, फोटो काढून मला पाठवतात. याउलट 'लॉक मिळत नाही' असा मेसेज आला तर काही बिघडलेलं नाही, मागे अपडेट चालू आहे. चहा करून घ्या. लॉकची फाइल डिलीट करण्याचा सल्ला नेटवर दिसेल, तो मानू नका.

एक पथ्य: एखादं ॲप लायटीच्या भरवशावर टाकलं तर चालेल, अख्ख्या सिस्टिमचं मोठं अपडेट नाही. ते इन्व्हर्टर असेल तेव्हा किंवा भरलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवरच.

१२. टॅली, डिजिटल सहीचा टोकन, लग्नपत्रिकेचं डीटीपी: हे लिनक्सवर चालेल का? तुम्ही तर लिनक्सचं कौतुक करता.

तुमचं पोट ज्यावर आहे ते सॉफ्टवेअर विंडोजचं असेल, तर विंडोजवरच राहा. टॅली विंडोजसाठी आहे. वाइन नावाची सोय विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवते, पण ३१ मार्चच्या रात्री हिशेब तिच्या भरवशावर ठेवायला मी कोणाला सांगणार नाही. डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्ली) लागणारं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर तर आणखी हट्टी. सहीच्या टोकनचे ड्रायव्हर काही कंपन्या लिनक्स-मॅकसाठीही देतात. टोकनवरचं मॉडेल बघून आधी खात्री करा.

प्रिंटरचंही तेच. नवे वाय-फाय प्रिंटर लिनक्सवर बरेचदा आपोआप ओळखले जातात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लेझर मात्र रडवू शकतो. बदलण्याआधी लिनक्स पेन ड्राइव्हवरून नुसतं सुरू करून एक पान छापून बघा.

१३. मराठी टायपिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर टाकू?

कुठलंच नाही. विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. विंडोज १० मध्ये हा २०१९ च्या अपडेटपासून आहे. सरकारी परीक्षांसाठी इनस्क्रिप्ट लागत असेल तर तोही तिथेच. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'इनपुट सोर्सेस', लिनक्सवर आयबस ही टायपिंगची सोय आणि त्याचं एम१७एन पॅकेज.

जुन्या फाइलमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसत असेल तर तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) येण्याआधीच्या जुन्या फाँटचा प्रश्न. तो फाँट मिळवून टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. नवा कीबोर्ड टाकून ते सुटणार नाही.

१४. सॉफ्टवेअर काढायचं कसं? मी डेस्कटॉपवरचं चित्र डिलीट केलं.

ती नुसती दारावरची पाटी होती, घर तसंच आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, तिथून 'अनइन्स्टॉल'. मॅकवर ॲप्लिकेशन्समधलं ॲप कचऱ्यात टाकलं की ते गेलं, पण त्याच्या सेटिंग्ज 'लायब्ररी' फोल्डरमध्ये मागे राहतात. पीकेजीने टाकलेल्यासाठी बनवणाऱ्याचा अनइन्स्टॉलर शोधा. लिनक्सवर जिथून टाकलं तिथूनच काढा.

१५. नवा लॅपटॉप घेतला, आणि 'फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतील' म्हणतो. दुकानदाराने फसवलं का?

नाही. विंडोज 'एस मोड'मध्ये आलं आहे. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन'खालून स्टोअर उघडून बाहेर पडता येतं. पैसे लागत नाहीत, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. घरात आजी-आजोबाच वापरणार असतील तर राहू द्या एस मोडमध्येच. अर्ध्या भानगडी दाराबाहेर राहतात.

१६. विंडोज १० बंद झालं ना? मग आता त्यावर सॉफ्टवेअर बसेल का?

बसेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला, म्हणजे सुरक्षेची फुकट अपडेट नेहमीच्या वाटेने येणं थांबलं. कॉम्प्युटर काही बंद पडला नाही. एकेक सॉफ्टवेअर आपापल्या वेळी विंडोज १० सोडत जाईल. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे पुष्कळ धडधाकट मशीन बाद ठरतात. नुसतं इंटरनेट, पत्रं आणि होमस्टेची बुकिंग असेल तर अशा मशीनवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. प्रश्न १२ मधलं काही असेल तर नाही.

१७. शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकायचं आहे, ॲडमिनचा पासवर्ड माहीत नाही.

ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. काही ब्राउझर आणि मीटिंगची ॲप फक्त तुमच्या खात्यापुरती, पासवर्डशिवाय बसतात, पण मशीन तुमचं नाही.

१८. इन्स्टॉल करताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलंय.

म्हणजे क्रॅक, चोरीचं सॉफ्टवेअर आहे. नको.

१९. चिपळूणला आमच्या दुकानात पाणी शिरलं होतं, सगळं गेलं. परत असं झालं तर सगळी सॉफ्टवेअर एकेक करून टाकावी लागतील का?

२२ जुलै २०२१ नंतर चिपळूणहून माझ्याकडेही हार्ड डिस्क आल्या होत्या, चिखलासकट. डेटाचा बॅकअप हा वेगळा विषय. सॉफ्टवेअरपुरतं बोलायचं तर टाकलेल्या गोष्टींची यादी आपोआप काढता येते. विंडोजवर 'विंगेट एक्सपोर्ट' ती एका छोट्या फाइलमध्ये लिहितं आणि नव्या मशीनवर 'विंगेट इम्पोर्ट' त्यातलं जे विंगेटच्या भांडारात आहे ते परत टाकतं. मॅकवर होमब्रू (कमांडने सॉफ्टवेअर टाकायची सोय) वापरत असाल तर 'ब्रू बंडल'. लिनक्सवर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' तुम्ही स्वतः टाकलेल्यांची यादी देतं. ही फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

विकत घेतलेल्यांची लायसन्स की यात येत नाही. ती वहीत हाताने लिहा, बिलाची झेरॉक्स लावा, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर ठेवा. डोंगल असेल तर तोही तिथेच, पाऊस वाढला की आधी वर.